सिन्यची आल्का तीनशे वर्षं कशी टिकली, आणि आपल्या यात्रेत तसं काही जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा: "क्रोएशियातल्या सिन्य या गावी घोडेस्वार चौखूर दौडत येतात आणि दोरीला टांगलेलं लोखंडी कडं भाल्याच्या टोकावर उचलतात. 'आल्का' म्हणतात त्याला. तीनशे वर्षं जुना उत्सव आहे म्हणे. एवढा कसा टिकला? आमच्या यात्रेला घोडे येतातच, यंदा कमिटीच्या मनात असंच काही सुरू करायचं आहे. जमेल का?"

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. घोडदळात होतो, निवृत्तीनंतर मुलांना घोडेस्वारी आणि टेंट पेगिंग (धावत्या घोड्यावरून जमिनीत रोवलेली मेख भाल्याने उचलण्याचा खेळ) शिकवतो. भाल्यावर कडं घेणं हा आमच्या खेळाचाही एक प्रकार आहे, त्यामुळे सिन्यला रस्त्याच्या कडेला उभं राहून आल्का पाहिली तेव्हा सगळ्यांचं लक्ष पोशाखांकडे होतं आणि माझं स्वारांच्या मांडीकडे. इतिहासाचा अभ्यासक मी नाही. पण घोडा पाळायला काय लागतं हे ठाऊक असलं की असे उत्सव का टिकतात आणि का बंद पडतात, यातलं बरंच उलगडतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. आल्का जुनी आहे म्हणून टिकली असं आपण धरून चालतो, पण जुनी तर इतरही होती. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरच्या क्रोएशियन गावांमधून असे भाल्याचे खेळ एकोणिसाव्या शतकापर्यंत नेमाने होत असत. ते सगळे संपले आणि किनाऱ्यापासून आत, डोंगराआडच्या सिन्यमध्ये मात्र हा एकच उरला. युनेस्कोने २०१० साली आल्काला आपल्या वारसा यादीत घेतलं तेव्हा याच गोष्टीवर बोट ठेवलं. तेव्हा पहिला प्रश्न: बाकीच्यांचं संपलं, यांचंच का उरलं? आणि दुसरा: जे उरायला कारण झालं, त्यातलं तुमच्या गावात आज काय आहे? दुसऱ्याचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घोडे कोणाचे, मैदान कसलं, गावात किती गट, यातलं मला काहीच माहीत नाही. त्यामुळे मी फक्त विचार कसा करायचा ते सांगतो.

आधी खेळ समजून घ्या, कारण चित्रफितीत तो फार सोपा दिसतो. साधारण १६० मीटरची धाव. जमिनीपासून सुमारे ३.३ मीटर उंचीवर आडवी दोरी आणि तिला टांगलेली आल्का. आल्का म्हणजे एकात एक अशी दोन कडी, तीन दांड्यांनी जोडलेली. बाहेरचं कडं साधारण १३ सेंटिमीटर व्यासाचं, आतलं जेमतेम साडेतीन. आतल्या कड्यात भाला गेला तर ३ गुण, वरच्या खणात गेला तर २, खालच्या दोन खणांपैकी कुठल्याही एकात गेला तर १. प्रत्येक स्वाराच्या तीन धावा, म्हणजे जास्तीत जास्त ९ गुण. बरोबरी झाली की पुन्हा धावायचं. आतलं कडं घेतलं की कामिचाक नावाच्या छोट्या गढीवरून उखळी तोफा उडतात आणि बँड वाजायला लागतो.

आमच्या टेंट पेगिंगमध्ये पहिली मेख ६ सेंटिमीटर रुंदीची असते आणि ती जमिनीत रोवलेली, जागेवर असते. तिथे भाला खाली सोडताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं. आल्कामध्ये जवळपास तीन मीटरचा भाला बगलेत धरून टोक वर, डोक्याच्याही वर रोखायचं. घोडा चौखूर सुटला की खोगीर प्रत्येक झेपेला वरखाली होतं, आणि खोगिरात वीतभर झालेली हालचाल भाल्याच्या टोकाला किती मोठी होते ते भाला हातात घेतल्याशिवाय कळत नाही. ती हालचाल कमरेत आणि गुडघ्यात जिरवायची असते. हाताने भाला सावरायला गेलात की संपलं. नवीन मुलं नेमकं हेच करतात: नजर भाल्याच्या टोकावर ठेवतात आणि शेवटच्या क्षणी मनगटाने दुरुस्ती करायला बघतात. नजर कड्यावर हवी, टोक आपोआप येतं. पण ते 'आपोआप' यायला घोड्याची चाल तेलाच्या धारेसारखी एकसारखी लागते. म्हणून मी म्हणतो की हा खेळ हाताचा कमी आणि घोड्याचा जास्त आहे. ढोल, तोफा आणि दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसं असताना सरळ रेषेत, एका लयीत धावणारा घोडा भाड्याने मिळत नाही. तो वर्षभर घडवावा लागतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आता इतिहास. सिन्य आणि भोवतालचा चेतिना नदीच्या खोऱ्याचा मुलूख आधी उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होता. १६८६ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने तो घेतला. त्यानंतर बोस्नियातल्या रामा भागातून बरीच ख्रिस्ती कुटुंबं फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर इकडे येऊन वसली आणि येताना मेरीमातेचं एक चित्र घेऊन आली. आज ते 'सिन्यची माता' म्हणून पूजलं जातं. म्हणजे लोक सरहद्दीवरचे, नव्याने वसलेले, हत्यार बाळगणारे. व्हेनिस त्यांच्याकडून सरहद्द राखून घेत असे. १७१५ च्या ऑगस्टमध्ये मेहमेद पाशाच्या मोठ्या फौजेने सिन्यच्या किल्ल्याला वेढा घातला. आत सुमारे ७०० माणसं होती. १५ ऑगस्टच्या, म्हणजे मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या तोंडावर तुर्की फौज वेढा उठवून निघून गेली. लोकांनी ते मातेचं देणं मानलं आणि चित्रासाठी सोन्याचा मुकुट करवून घेतला. आल्का या विजयाच्या स्मरणार्थ सुरू झाली. आपल्याकडे शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, एवढं लक्षात ठेवलं तर काळ डोळ्यांपुढे येतो.

किनाऱ्यावरच्या गावांचे खेळ का संपले याबद्दल माझं मत असं. बंदराच्या गावात भाल्याचा खेळ हा सरदार-अंमलदारांचा शौक होता. राज्य गेलं, छावणी हलली, हौस करणारी घराणी गेली की खेळालाही वाली उरला नाही. सिन्यमध्ये खेळणारे होते सरहद्द राखणाऱ्या गावांतले लोक. घोडा त्यांच्या दारात होता, भाला घरात होता आणि खेळाला जोडलेला दिवस त्यांच्या देवीचा होता. व्हेनिसचं राज्य १७९७ मध्ये बुडालं, पण व्हेनिसवाचून आल्काचं काहीच अडलं नाही. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असा जो फरक होता तो इथे आठवा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला सरकारी पागेतून मिळायचा. पागा मोडली की बारगीर पायउतार होतो. शिलेदाराचा घोडा दारातच असतो. सिन्य हा शिलेदारांचा गाव होता.

पण एवढ्याने तीनशे वर्षं निघत नाहीत. दुसरी गोष्ट कागदाची आहे आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आल्काचे नियम १८३३ मध्येच लेखी घटनेत बांधले गेले. कोण भाग घेऊ शकतो, मिरवणुकीत कोण कुठे चालतो, गुण कसे धरायचे, वाद झाला तर शब्द कोणाचा चालणार, सगळं ठरलेलं. खेळ चालवणारी स्वारांची मंडळी आहे, 'वोय्वोदा' म्हणजे सेनापती असतो, प्रत्येक स्वाराचा पायी चालणारा मदतनीस असतो. मिरवणुकीत एक घोडा स्वाराशिवाय, पूर्ण शृंगारून चालवत नेतात. त्याला 'एदेक' म्हणतात. तो पाशाकडून जिंकलेल्या घोड्याची आठवण आहे. हे सगळं बघताना शोभेचं वाटतं. पण प्रत्येक भूमिकेला माणूस लागतो, त्या माणसाला मान असतो, आणि मान असला की माणूस पुढच्या वर्षी न बोलावता येतो. यात्रेत पालखीचा खांदा ज्या घराकडे असतो ते घर मुंबईला राहायला गेलं तरी त्या दिवशी गावात हजर असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नियम लिहिलेले असण्याचा आणखी एक उपयोग सिन्यला झाला: राज्यकर्ते बदलले तरी खेळ बदलावा लागला नाही. व्हेनिसनंतर ऑस्ट्रिया, मध्ये काही वर्षं नेपोलियनचे फ्रेंच, पुन्हा ऑस्ट्रिया, १९१८ नंतर युगोस्लाव्ह राजाचं राज्य, मग महायुद्ध, मग कम्युनिस्ट आणि १९९१ पासून स्वतंत्र क्रोएशिया. यातल्या प्रत्येकाला आल्का आपल्या बाजूची हवी होती. १९२२ मध्ये राजा अलेक्झांडरच्या लग्नाच्या वेळी स्वारांना बेलग्रेडला नेऊन तिथे आल्का खेळवली. १९६५ मध्ये, म्हणजे विजयाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा, स्वतः टिटो सिन्यला आला होता. कम्युनिस्ट राजवटीचा प्रमुख मेरीमातेच्या विजयोत्सवाला! आयोजकांनी या सगळ्यांना मानाची खुर्ची दिली, बक्षीस घेतलं, पण कड्याचा आकार आणि गुणांची रीत तीच ठेवली. मला हे शहाणपणाचं वाटतं. पुढाऱ्याला व्यासपीठ देता येतं, धावपट्टी द्यायची नाही. नव्वदच्या दशकात युद्ध अगदी दारात आलं होतं. १९९३ च्या जानेवारीत सिन्यच्या वरच्या अंगाला असलेल्या पेरुचा धरणात सुरुंग उडवले गेले. धरण थोडक्यात वाचलं, नाहीतर खालचं खोरं पाण्याखाली गेलं असतं. अशा काळातून गेलेल्या गावाला आपला उत्सव का जपावासा वाटतो ते वेगळं समजवायला लागत नाही.

आता न पटणाऱ्या गोष्टीकडे येतो. आल्कामध्ये फक्त सिन्य आणि चेतिना खोऱ्यातल्या घराण्यांचे पुरुष धावू शकतात. बाहेरचा कितीही चांगला स्वार असला तरी नाही, आणि बाई तर नाहीच. माझ्याकडे शिकणाऱ्यांत सगळ्यांत स्थिर हात एका मुलीचा आहे, त्यामुळे हा नियम मला आवडतो असं मी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम काय झाला ते बघायला हवं. बाहेरून पैसे देऊन व्यावसायिक स्वार आणता येत नाही म्हटल्यावर गावाला स्वतःची पोरं तयार करणं भागच पडलं. सिन्यजवळच्या वुच्कोविची गावात मुलांची आल्का होते. लहान मुलं तसेच पोशाख घालून, भाले घेऊन, घोड्याशिवाय पायी धावत कडं घेतात. हसू येतं बघताना, पण दहा वर्षांच्या मुलाला कड्यावर नजर ठेवायची सवय तिथे लागते. पोशाख, चांदीची बटणं, हत्यारं, खोगिरं यांची दुरुस्ती आणि नवी घडण हीसुद्धा गावातल्या लोकांच्या हातात राहिली. तुम्हाला घराण्याची अट घालायची गरज नाही. पण 'या खोऱ्यातला, इथे राहणारा, इथे शिकलेला' एवढी अट घालायला हरकत नाही, आणि ती मुलगा-मुलगी दोघांना सारखी लावा. मोठं बक्षीस ठेवून बाहेरचे स्वार बोलावले तर पहिल्या वर्षी गर्दी होईल आणि तिसऱ्या वर्षी बक्षिसाचा आकडा परवडणार नाही.

सिन्यच्या वेळापत्रकातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुख्य आल्का असते. त्याआधी शुक्रवारी 'बारा' आणि शनिवारी 'चोया' होते, म्हणजे तीच स्पर्धा कमी मानाच्या बक्षिसांसाठी. तिन्ही दिवस धाव तीच, कडं तेच. घोड्याला गर्दीची सवय होते, स्वाराची धास्ती मोडते, आणि ज्याला रविवारी काही मिळालं नाही तो शुक्रवारी किंवा शनिवारी काहीतरी घेऊन घरी जातो. २०१५ मध्ये, तीनशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा, त्यांनी आल्काचं संग्रहालयही उघडलं. म्हणजे ऑगस्ट सोडून इतर वेळी येणाऱ्या पाहुण्यालाही बघायला काही आहे.

इथे कोणी म्हणेल, आमच्याकडे तीनशे वर्षांची अखंड परंपराच नाही, मग कशाला? तर इटलीकडे बघा. टस्कनीतल्या आरेत्सो शहरात 'सारासेनचा खेळ' होतो. सोळाव्या-सतराव्या शतकात तो तिथे जोरात होता, मग मागे पडला आणि १९३१ मध्ये, मुसोलिनीच्या काळात, पुन्हा उभा केला गेला. महायुद्धात थांबला, १९४८ मध्ये परत सुरू झाला. उंब्रियातल्या फोलिन्योची 'क्विंताना' १६१३ सालच्या नोंदीवरून १९४६ मध्ये नव्याने सुरू झाली. युद्धाने पडझड झालेल्या गावांनी घरं बांधता बांधता हे केलं. आज दोन्ही ठिकाणी गल्लोगल्ली त्यासाठी वर्षभर काम चालतं. आरेत्सोत शहराचे चार भाग आहेत. प्रत्येकाचा स्वतःचा तबेला, स्वतःचे घोडे, स्वतःचे दोन स्वार, स्वतःचे रंग. बक्षीस म्हणजे कोरीव 'सोनेरी भाला', तो विजेत्या भागाच्या मालकीचा. रोख रकमेसाठी कोणी धावत नाही. शेजारच्या गल्लीने आपल्यावर हसू नये यासाठी धावतात, आणि ही प्रेरणा रकमेपेक्षा कितीतरी टिकाऊ आहे. खंड पडला म्हणून उत्सव खोटा ठरत नाही. तो वर्षभर कोणीच सांभाळत नसेल, एका इव्हेंट कंपनीकडे दिलेला असेल, तेव्हा तो खोटा वाटायला लागतो.

सार्डिनियातल्या ओरिस्तानोची 'सार्तिल्या' तर मला या सगळ्यांत जास्त भावते. कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारी आणि मंगळवारी मुखवटे घातलेले स्वार तलवारीने आणि भाल्याने टांगलेली चांदणी टिपतात. रविवारची धाव शेतकऱ्यांच्या संघाकडे, मंगळवारची सुतारांच्या संघाकडे. मुख्य स्वाराला 'कोम्पोनिदोरी' म्हणतात. त्याला टेबलावर बसवून बायका पोशाख आणि मुखवटा चढवतात, आणि त्या क्षणापासून रात्री पोशाख उतरेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागता कामा नयेत. टेबलावरून तो थेट घोड्यावर. चांदण्या जास्त टिपल्या गेल्या तर पीकपाणी चांगलं, असा समज. बघा, तिथे उत्सव शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या हातात आहे. तुमच्या यात्रेत बलुतेदारांचे मान असतील, तर ही रचना तुम्हाला सिन्यपेक्षा जवळची वाटेल.

आरेत्सोबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण तुमच्या कमिटीत ही चर्चा होणारच. तिथे कड्याऐवजी लाकडी पुतळा असतो. त्याच्या डाव्या हातात गुणांचे खण आखलेली ढाल आणि उजव्या हातात गोळे लावलेला आसूड. ढालीवर भाला बसला की पुतळा गर्रकन फिरतो, आणि स्वार चपळ नसेल तर आसूड पाठीत बसून गुण कापले जातात. यांत्रिक दृष्ट्या फार सुंदर कल्पना. पण तो पुतळा 'सारासेन' आहे, म्हणजे मुसलमान शत्रू, आणि त्याचं पूर्ण नाव 'बुरात्तो, हिंदुस्थानचा राजा'! आपल्या नावाने कोणी चारशे वर्षं भाले खातोय हे वाचून मला आधी हसू आलं. मग वाटलं, पुतळ्याला तोंड दिलं की पुढे कधी ना कधी त्या तोंडाला खरं नाव चिकटतं. सिन्यची आल्का लढाईच्या विजयाचीच आहे, पण भाला तिथे माणसाच्या आकृतीवर चालत नाही, कड्यावर चालतो. तुमच्या गावात यात्रेला सगळे येत असतील, घोडेवाल्यांत, नालबंदांत सगळ्या धर्मांचे लोक असतील. तुम्ही कडंच टांगा. पुतळा कोणाचा करायचा यावर बैठकीत एक मिनिटही घालवू नका.

आता घोड्यांच्या जिवाचा आणि कायद्याचा विषय. यापुढे कुठलाही प्राण्यांचा खेळ टिकणार की नाही हे इथेच ठरणार आहे. इटलीत २००९ मध्ये सरकारी हुकूम निघाला: धावपट्टी तपासून मंजूर करून घ्यायची, पशुवैद्य हजर हवेत, चार वर्षांखालचा घोडा चालणार नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २०१४ मध्ये बंदी, २०१७ मध्ये राज्याची कायद्यात दुरुस्ती, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाची सशर्त परवानगी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाचा निकाल. तेवढी वर्षं घाट ओस पडले. ती दुरुस्ती बैलांसाठी आहे, घोड्यांच्या खेळाला ती आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. प्राण्यांच्या प्रदर्शनाची नोंदणी, जिल्हा प्रशासनाची परवानगी, विमा, हे सगळं वकिलाकडून लेखी करून घ्या. यात्रेला वेगवेगळ्या गावांचे घोडे एकत्र येतात, तेव्हा ग्लँडर्सची तपासणी झालेली असल्याशिवाय एकही घोडा आत घेऊ नका. हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो.

धावपट्टीबद्दल माझा अनुभव सांगतो. लोक मैदानाची लांबी मोजतात. मी आधी थांबायला किती जागा आहे ते मोजतो. चौखूर सुटलेला घोडा कडं घेतल्यावर लगेच थांबत नाही, आणि नेमक्या त्याच टोकाला फटाके आणि मोबाइल घेऊन गर्दी उभी असते. धावेइतकीच जागा पुढे मोकळी हवी, तिथे माती मऊ हवी आणि प्रेक्षक अजिबात नकोत. डांबरी रस्त्यावर घोडा पळवू नका. वाळू-माती अंथरूनही खाली डांबर असेल तर थर जाड हवा, नाहीतर वळताना नाल सरकते. डीजेच्या भिंती तर नकोतच. सिन्यच्या घोड्यांना तोफेची सवय असते, तुमच्या घोड्यांना बासची नसेल.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर मग असं निघतं. यात्रेला घोडे 'येतात' असं तुम्ही लिहिलंय. ते येतात म्हणजे राहत नाहीत. विक्रीला किंवा मिरवायला आलेल्या घोड्यांवर हा खेळ करू नका. नाचकाम शिकवलेला घोडा सरळ धावत नाही आणि नवखा घोडा भाला बघून बिचकतो. तालुक्यात वर्षभर पाळलेले, खोगिराला सरावलेले सहा-आठ घोडे असतील आणि त्यांचे मालक आठवड्यातून दोन दिवस सरावाला यायला तयार असतील, तर एका वर्षात लहानसा खेळ उभा राहील. तसे घोडे नसतील तर यंदा सुरू करू नका. आधी एक पागा उभी राहील का ते बघा. चंदी, चारा, मोतद्दाराचा पगार, महिना-सव्वा महिन्याने नालबंद, पावसाळ्यात खुरांची निगा, हा खर्च उत्सवाच्या तीन दिवसांचा नाही, बारा महिन्यांचा आहे. फौजेची ६१ कॅव्हलरी १९५३ मध्ये जुन्या संस्थानांच्या रिसाल्यांमधून उभी राहिली आणि त्यात मराठा, राजपूत, कायमखानी स्वार आजही घोड्यावर आहेत, कारण तिथे घोड्याच्या पोटाची जबाबदारी सरकारची आहे. तुमच्याकडे ती कोणाची, हे नाव घेऊन ठरायला हवं. 'गावाची' म्हणजे कोणाचीच नाही.

पहिल्या वर्षी मोठं कडं घ्या. वीतभर व्यासाचं, हलकं, भाल्याच्या धक्क्याने सहज सुटणारं. दोरीत अडकून स्वार खाली खेचला जाईल अशी बांधणी कधीही करू नका. बांबूचा भाला, बोथट टोक. सुरुवातीला कँटरवरच, म्हणजे चौखूरपेक्षा संथ दौडीवरच धावू द्या, चौखूर नंतर. लहान मुलांची पायी स्पर्धा मात्र पहिल्याच वर्षी ठेवा, तिला घोडा लागत नाही आणि खर्च जवळपास शून्य. नियम एका पानावर लिहून यात्रेआधी मंदिराच्या फलकावर लावा आणि वाद झाला तर निर्णय कोणाचा, हे त्यात नावानिशी लिहा. पोशाख, फेटे, तुताऱ्या यांवर पहिली तीन वर्षं कमीत कमी पैसे घाला. ते वाचतील त्यातून पशुवैद्य आणि रुग्णवाहिका येते.

पुढच्या बैठकीनंतर घोड्यांची यादी इथे टाका: वय, उंची, रोज कोण बसतं आणि शेवटचं नाल कधी मारलं. मैदानाचे चारही बाजूंनी फोटोही टाका, थांबण्याच्या टोकाचा आधी. ते पाहून धाव किती मीटरची ठेवायची आणि दोरी किती उंच बांधायची ते सांगतो.